मोठ्या घराचं हीटिंग: तेलावरून लाकडाच्या बॉयलरवर (व्हरमाँटचा अनुभव)

ओसरी (व्हरमाँट)

मागे एका धाग्यावर ओघात लिहून गेले होते की आमचं घर आता लाकडावर तापतं. तेव्हापासून विचारपूस चालू आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. बर्फाळ भागात जुनं, मोठं घर घेतलेली बरीच मराठी मंडळी इथे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

घर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्याच्या मध्यभागी, डोंगरउतारावर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं शेतघर, साडेचार हजार चौरस फूट, खाली दगडी तळघर, मागे ३० एकर जंगल. खोल्याखोल्यांत बिडाचे जुने, वजनदार रेडिएटर. तळघरात २७५ गॅलनच्या दोन टाक्या आणि तेलाचा बॉयलर. घर घेतलं तेव्हा वर्षाला १,७०० गॅलनच्या घरात तेल लागायचं. माळ्यावर सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन) भरून घेतलं, तळघराच्या भिंतीची वरची कड, जिथून वारा नुसता वाहत होता, ती बंद केली, आणि खप १,४०० वर आला. कुठलाही बॉयलर बघायला जाण्याआधी हे काम करा. यातून वाचलेली उष्णता कधीच विकत घ्यावी लागत नाही, आणि पुढचा बॉयलरही लहान लागतो.

२०२२ मध्ये तेल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं आणि आम्ही लाकडाचा विचार गंभीरपणे करायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. लोक विचारतात, कुठल्या कंपनीचा बॉयलर घेतला? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, गरम पाणी साठवायची टाकी किती मोठी? दुसरा, लाकूड किती कोरडं? या दोन्हींची उत्तरं नीट असतील तर कुठलाही चांगला गॅसिफिकेशन बॉयलर (लाकडातून निघणारा वायू वेगळा जाळणारा) उत्तम चालतो. ती चुकली तर सगळ्यात महागडाही धुरकट राहतो.

आधी घराची गरज काढा. आमच्या तेलाच्या बॉयलरवर ताशी १,७५,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) आकडा होता, आणि एका कंत्राटदाराने त्याच आकड्याचा लाकडाचा बॉयलर, टाकीशिवाय, सुचवला. पण घराची खरी गरज तेलाच्या बिलांत लिहिलेली असते. एका गॅलनमध्ये १,३८,५०० बीटीयू. १,४०० गॅलन, त्यातले साधारण ८० टक्के घरात उतरतात, म्हणजे वर्षाला १५.५ कोटी बीटीयू. आमच्याकडे हिवाळ्याचे साधारण ७,५०० डिग्री-डे (किती अंश थंडी, किती दिवस, त्याची बेरीज) धरतात. भागाकार केला की कळतं, बाहेर उणे १५ फॅरेनहाइट असताना घराला ताशी ७० हजारांच्या आसपास बीटीयू लागतात. २० फॅरेनहाइटच्या नेहमीच्या दिवशी ४० हजारसुद्धा नाहीत.

मग मोठा बॉयलर कशाला? कारण लाकडाची आग तेलासारखी चालू-बंद होत नाही. ती एकदा पेटली की पूर्ण जोरात जळली पाहिजे. घराला ४० हजार हवेत म्हणून हवा कोंडून आग धुमसत ठेवली, तर लाकडातला वायू न जळताच धुराड्यात जातो, तिथे डांबरासारखा थर जमतो, आणि धुराड्याला आग लागण्याचं मुख्य कारण तोच थर. म्हणून आग जोरात जाळायची, सगळी उष्णता पाण्यात साठवायची आणि घराने ती हवी तशी वापरायची.

आमचा बॉयलर ताशी दीड लाख बीटीयूचा आहे, म्हणजे ४४ किलोवॅट. त्याला १,००० गॅलन पाणी जोडलंय, प्रोपेनच्या ५०० गॅलनच्या दोन पोलादी टाक्या साफ करून, तळघराला लागून पडवी बांधून तिथे बसवल्या आणि चहूबाजूंनी जाड इन्सुलेशन केलं. १,००० गॅलन पाणी १२० वरून १८० फॅरेनहाइटपर्यंत नेलं की ५ लाख बीटीयू साठतात. एका भरणीला साधारण १०० पौंड कोरडं लाकूड जातं, ते साडेतीन-चार तासांत जळतं आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्याला देतं. एक भरणी म्हणजे एक टाकी. नेहमीच्या थंडीत तेवढ्यावर बारा-तेरा तास जातात. कडाक्याच्या रात्री सहा-सात. जानेवारीत आम्ही सकाळी आणि संध्याकाळी पेटवतो, लाट आली तर झोपण्याआधी आणखी एकदा. मार्चअखेरीला दिवसाला एकदाच पुरतं.

लाकूड: शुगर मेपल, अॅश, यलो बर्च, थोडा बीच. चार फूट रुंद, चार उंच, आठ लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. चांगल्या मेपलच्या कॉर्डमध्ये २.४ कोटी बीटीयू असतात, बॉयलर आणि पाइप यांतलं नुकसान धरून १.८ कोटी घरात येतात, म्हणजे साधारण १६० गॅलन तेलाचं काम. वर्षाला साडेआठ ते नऊ कॉर्ड लागतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, आणि ते उडवण्यात जी उष्णता जाते ती आपल्या खिशातली. शिवाय ओल्या लाकडात गॅसिफिकेशन लागतच नाही. म्हणून या वर्षी फोडलेलं लाकूड आम्ही पुढच्या वर्षीच्याही पुढच्या वर्षी जाळतो. म्हणजे दोन वर्षांचा साठा, अठरा कॉर्ड, कायम रचलेला असतो. खाली पॅलेट, वर पत्रा, बाजू उघड्या.

खर्च: बॉयलर, टाक्या, नवीन स्टेनलेस धुराडं, पंप, मजुरी धरून तीस हजार डॉलरच्या आसपास. आमच्या भागात ओलं, फोडलेलं लाकूड घरपोच कॉर्डला ३०० डॉलरच्या जवळपास पडतं. सगळं विकत घेतलं तरी वर्षाला २,७०० डॉलर. तेल ३.७५ धरलं तर ५,२५० डॉलर. वर्षाला अडीच हजार वाचतात, पैसे वसूल व्हायला बारा वर्षं. आम्ही निम्मं लाकूड स्वतःच्या जंगलातून काढतो, त्यामुळे जरा लवकर होईल. २०२३ ते २०२५ या काळात किमान ७५ टक्के कार्यक्षम बॉयलरला केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत होती, ती आम्हाला मिळाली. ३१ डिसेंबर २०२५ नंतर ती बंद आहे, जुन्या लेखांवर विसंबू नका.

विचारा, जमेल तसं लिहीन.

टेकडी (न्यू हॅम्पशायर)

फार नेमकं लिहिलंय. टाकीबद्दल हजारदा +१. आमच्या शेजाऱ्यांकडे अंगणात ठेवायचा जुन्या पद्धतीचा बॉयलर आहे, पत्र्याच्या खोपटात. तो दिवसरात्र धुमसतो आणि वारा पडला की सगळी गल्ली धुराने भरते. १५ मे २०२० पासून नव्या बॉयलरसाठी केंद्राचे धुराचे नियम बरेच कडक झालेत, पण आधीच बसलेले आहेत ते आहेतच.

एक विचारायचं होतं: टाकीकडून बॉयलरमध्ये परत येणाऱ्या थंड पाण्याचं काय केलंत? आणि वीज गेल्यावर?

ओसरी

परतीचं पाणी १४० फॅरेनहाइटच्या खाली बॉयलरमध्ये येऊ द्यायचं नाही, हा नियम. थंड पाणी आलं की आतल्या भिंतींवर धुरातली वाफ धरते, आम्लयुक्त पाणी ओघळतं आणि पोलाद आतून खातं. त्यासाठी मिश्रण करणारा झडपेचा संच येतो, तो सुरुवातीला बॉयलरचंच गरम पाणी बॉयलरला फिरवतो आणि तापमान चढल्यावर हळूहळू टाकीचं पाणी आत घेतो. कोटेशनमध्ये हा नसेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

वीज गेली की पंखा थांबतो, त्यामुळे आग मंदावते, पण आत शंभर पौंडांपर्यंत पेटतं लाकूड असतंच. आमच्याकडे वीज गेल्यावर आपोआप उघडणारी झडप आहे. ती उघडली की गरम पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या हलकेपणाने, वरच्या मजल्यावरच्या तीन मोठ्या रेडिएटरमध्ये चढतं आणि थंड होऊन खाली येतं. त्या पाइपांना चढ नीट दिलेला हवा, मध्ये कुठे हवा अडकायला नको. त्याशिवाय पंपांपुरता बॅटरी इन्व्हर्टर ठेवलाय. डिसेंबरच्या वादळात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते.

कृष्णाकाठ (सांगली)

मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त. तिकडचं घरगुती हीटिंग कधी पाहिलं नाही, पण आग आणि पाणी सगळीकडे सारखंच.

आम्ही जाळायचो तो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. गिरणीतून निघतो तेव्हा त्यात पन्नास टक्के पाणी. आमच्या भट्ट्या त्यासाठीच बांधलेल्या, तरी पावसात भिजलेला बगॅस आला की स्टीमचं प्रेशर पडायचं आणि साखरेचा पाक आटवणारे पॅनवाले ओरडायला लागायचे. तेव्हा तुम्ही कोरड्या सरपणावर एवढा भर देताय ते शंभर टक्के खरं आहे.

दोन प्रश्न. तुमच्या टाकीत प्रेशर किती? आणि पाण्याची प्रत कोण बघतं? बॉयलर आगीने क्वचित जातो, पाण्याने जातो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लोखंड खातो.

ओसरी

काका, तुमच्यासारखी माणसं इथे लिहितात हे आमचं भाग्य. आमच्याकडे वाफ नाही, नुसतं गरम पाणी. थंड असताना १२ आणि तापल्यावर २० पीएसआयच्या आसपास. ३० ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. ६० पासून १९० फॅरेनहाइटपर्यंत पाणी साडेतीन टक्क्यांच्या जरा आत फुगतं, म्हणजे १,००० गॅलनमागे ३३-३४ गॅलन. नेहमीच्या घरगुती बॉयलरची एक्स्पान्शन टाकी याला अजिबात पुरत नाही, त्यामुळे आमची त्यासाठीची टाकीच माणसाच्या उंचीची आहे.

पाणी एकदाच भरलं, पीएच तपासून गंजरोधक घातलं, आणि वर्षातून एकदा नमुना तपासायला देतो.

कृष्णाकाठ

बरोबर. आणखी एक करा. नवं पाणी आत जातं त्या पाइपवर एक छोटा मीटर बसवा. बंद सर्किटमध्ये एकदा भरल्यावर मीटर हलता कामा नये. हलला तर कुठेतरी गळती आहे, आणि प्रत्येक ताज्या गॅलनबरोबर नवा प्राणवायू आत येतोय. आपोआप पाणी भरणारी झडप गळती लपवते, म्हणून मीटर.

ओसरी

काका, हे प्लंबरने सांगितलं नव्हतं. या आठवड्यातच बसवून घेते.

रानवारा (मेन)

एक विरोधी मत मांडतो. तीस हजार डॉलर, वर्षाला नऊ कॉर्डची उचल-ठेव, रोज दोनदा तळघर. त्यापेक्षा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) का नाही? आमच्या राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचं ठरवलं होतं, ते २०२३ मध्येच पूर्ण झालं. आमच्या घरी तीन युनिट आहेत, उणे १० ला चालतात. तेल फक्त फारच गारठा पडला तर.

ओसरी

विरोध कशाला, तुमचं बरोबरच आहे. लहान किंवा मध्यम घर, मोकळी मांडणी, विजेचा भरवसा, अशा ठिकाणी मी हीट पंपच सुचवेन. आमच्याही स्वयंपाकघरात एक आहे, ऑक्टोबर आणि मेमध्ये तोच चालतो. तेवढ्यासाठी आग पेटवणं परवडत नाही.

पण आमच्या घरात अकरा खोल्या आहेत, प्रत्येकीला दार. सगळ्या खोल्यांत युनिट बसवायची तर खर्च लाकडाइतकाच होतो. दुसरं, वीज. तिसरं, दारामागचं जंगल, जे विरळ करावंच लागतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसती तर मी हा मार्ग धरला नसता. सासरे म्हणतात, सरपण फोडून झालं की दोन पोळ्या जास्त जातात, पण ते तांत्रिक कारणांत धरत नाही.

पुणेरी_पायरी

पुण्यात बसून वाचतेय. आजोळी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या, भोवती पाणी. तुमचा बॉयलर म्हणजे बंबाचंच मोठं भावंड का? पेटवता कसा, ते जरा दाखवा ना लिहून.

ओसरी

भोवती पाणी आणि मध्ये आग, इथपर्यंत सारखंच. पण बंबात ज्वाळा वर जाते आणि बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. इथे ती खाली जाते.

सकाळचं सांगते. आधी टाकीवरचे तीन थर्मामीटर बघायचे, वरचा, मधला, खालचा. वरचा १३० च्या खाली आला असेल तर पेटवायची वेळ झाली. बॉयलरचं वरचं दार उघडण्याआधी बायपासचा दांडा ओढायचा, म्हणजे धूर सरळ धुराड्यात जातो, तोंडावर येत नाही. आत रात्रीचे निखारे राखेखाली तांबूस असतात, ते लोखंडी आकड्याने मधल्या फटीवर ओढायचे. ही फट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यातली हाताच्या पंजाएवढी चीर. निखाऱ्यांवर बर्चची साल, ती ओली असली तरी पेटते. वर अंगठ्याएवढ्या ढलप्या, मग मनगटाएवढी लाकडं. दहा मिनिटं असं जळू द्यायचं. मग मोठी फाटी, सगळी एकाच दिशेने, अंतर न ठेवता, पण दाबून नाही. दार बंद, बायपास बंद, पंखा चालू.

आणि मग आवाज बदलतो. पेटत्या लाकडाची तडतड थांबते आणि एक घुमणारा, सलग आवाज सुरू होतो. खालच्या काचेतून बघितलं तर ज्वाळा चिरेतून खाली झेपावताना दिसते, आधी पिवळी, मग जवळजवळ पांढरी, कडेला निळसर. लाकडातून निघालेला वायू तिथे तापलेल्या हवेबरोबर जळतो, हजार अंश सेल्सियसच्या आसपास. त्यानंतर तो पाण्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून फिरून धुराड्यात जातो तेव्हा पुष्कळ थंड झालेला असतो. बाहेर अंगणात जाऊन धुराड्याकडे बघायचं: नुसती थरथरणारी हवा आणि गारठ्यात थोडी पांढरी वाफ दिसली तर ठीक. निळा किंवा करडा धूर दिसला तर लाकूड ओलं आहे किंवा फट बुजली आहे.

पुणेरी_पायरी

वाचताना ऊब लागली अगदी. धन्यवाद!

श्वास (पेनसिल्व्हेनिया)

मी फुप्फुसांचा डॉक्टर. हा धागा आवडला, म्हणूनच एक बाजू ठामपणे मांडतो. लाकडाच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी आतपर्यंत जातात. दमा, हृदयविकार, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना त्याचा थेट त्रास होतो. गॅसिफिकेशन बॉयलर जुन्या स्टोव्हपेक्षा कितीतरी स्वच्छ, मान्य. पण तेलाच्या किंवा गॅसच्या बॉयलरपेक्षा तो कण जास्तच सोडतो. खोलगट दरीत, जिथे थंड हवा रात्रभर साचून राहते, तिथे हे फार महत्त्वाचं.

चांगली बाजूही सांगतो. माँटानातलं लिबी हे डोंगरांनी वेढलेलं गाव. तिथे २००५ ते २००७ दरम्यान हजाराहून जास्त जुने लाकडी स्टोव्ह बदलले आणि हिवाळ्यातले सूक्ष्म कण सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. तेव्हा कोणी जुना स्टोव्ह किंवा अंगणातला धुरकट बॉयलर काढून हा बसवत असेल तर उत्तम. तेल काढून बसवत असाल तर आधी शेजारी किती जवळ आहेत ते बघा. आणि बॉयलरच्या खोलीत, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म हवेतच.

ओसरी

डॉक्टर, मनापासून पटलं. सर्वात जवळचा शेजारी आमच्यापासून पाव मैलावर, आणि आम्ही उतारावर, दरीत नाही. धुराडं छताच्या कण्याच्या वर नेलंय. हे सगळं नसतं तर माझं उत्तर वेगळं असतं. अलार्म प्रत्येक मजल्यावर आहेत.

म्युनिकवाला (बायर्न)

जर्मनीतली बाजू लिहितो, कारण इथे टाकीचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडलेलाच नाही. हाताने लाकूड भरायच्या बॉयलरला दर किलोवॅटमागे किमान ५५ लिटर पाण्याची साठवण कायद्याने लागते. ४४ किलोवॅटला २,४२० लिटर. ओसरीताईंचे १,००० गॅलन म्हणजे जवळजवळ ३,८०० लिटर, भरपूर.

इथे धुराडं बघणारा सरकारमान्य माणूस येतो, शोर्नश्टाइनफेगर. तो नुसतं झाडत नाही, धुरातले कण मोजतो आणि रचलेल्या लाकडाची ओलसुद्धा तपासतो. एक घोळ लक्षात ठेवा. आमच्याकडे मर्यादा २५ टक्के आहे, पण ती कोरड्या लाकडाच्या वजनावर. एकूण वजनावर मोजलं तर तेच २० टक्के होतात. बाजारातले बहुतेक पिनवाले मीटर कोरड्या वजनावरचा आकडा दाखवतात. तेव्हा अमेरिकेत मीटरवर २० च्या खाली धरलंत तर तुम्ही आमच्यापेक्षा कडक आहात.

आणि मीटर ओंडक्याच्या बाहेरून टोचू नका. ओंडका फोडा, ताज्या फोडीच्या मधोमध, रेषांच्या दिशेने टोचा. बाहेरून १५ दाखवणारा ओक आत ३० असू शकतो.

तेलाबद्दल इथलं गणित वेगळं. २०२१ पासून इंधनावर कार्बनचा भाव लागतो, टनाला २५ युरोपासून सुरू झाला आणि २०२५ मध्ये ५५ झाला. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १५ सेंट, वर कर. त्यामुळे आमच्या गावात शेतकऱ्यांनी एकेक करून तेल सोडलं.

टेकडी

ओक खरंच दोन उन्हाळे पूर्ण मागतो. अॅश त्या मानाने लवकर वाळतो, आणि आता अॅश खूप मिळतोय, कारण एमराल्ड अॅश बोररने झाडं मरतायत. पण म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातून स्वस्त सरपण आणू नका. ही कीड २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडली आणि सरपणाच्या गाड्यांतूनही दूरवर पसरली. व्हरमाँटमध्ये २०१८ ला आली. लाकूड जिथे तोडलं तिथेच जाळायचं.

रानवारा

झाडं तोडून जाळणं पर्यावरणाला चांगलं कसं, हे मला अजून पटत नाही. धुराड्यातून कार्बन तर लगेच बाहेर पडतो, झाड वाढायला पन्नास वर्षं.

ओसरी

प्रश्न योग्य आहे आणि मीही त्यावर बरंच वाचलं. लाकूड आपोआप निर्दोष ठरत नाही. किती तोडता आणि किती वाढतं, यावर सगळं आहे. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या चराईसाठी व्हरमाँटचं बहुतेक जंगल तुटलं होतं. आज तीन चतुर्थांश राज्य पुन्हा जंगल आहे. आमच्या जंगलात आजही जुन्या कुरणांच्या दगडी भिंती झाडांमधून जातात.

इथल्या पानगळीच्या जंगलात एकरी वर्षाला अर्धा कॉर्ड वाढ होते, असा ढोबळ हिशेब धरतात. नऊ कॉर्डला अठरा-वीस एकर. आमच्याकडे ३० आहेत आणि आम्ही त्यातून निम्मंच काढतो. कुठलं झाड काढायचं ते जंगल-आराखड्याप्रमाणे ठरतं: वाकडं, रोगट, चांगल्या मेपलचा उजेड अडवणारं. पंचवीस एकरांच्या वर जमीन असेल तर राज्याच्या करंट यूझ योजनेत असा आराखडा करून मालमत्ता कर बराच कमी होतो. काउंटी फॉरेस्टरला (जिल्ह्याच्या सरकारी वनाधिकाऱ्याला) बोलवा, तो येऊन जंगल फिरतो, पैसे घेत नाही. स्वतःचं जंगल नसेल तर विकणाऱ्याला विचारा, लाकूड कुठून आणलं. सरळ सांगणारे विक्रेते भेटतात.

पूर्ण झाडं कापून, दूरवर नेऊन जाळण्याच्या मी विरोधात आहे. विरळणीचं लाकूड गावातच जळावं, एवढंच माझं म्हणणं.

नवखी (मॅसॅच्युसेट्स)

सगळे प्रतिसाद वाचले. आम्ही नुकतंच १९६० च्या दशकातलं घर घेतलं, २,८०० चौरस फूट, वर्षाला ९०० गॅलन तेल. रेडिएटर नाहीत, भिंतीच्या तळाशी पत्र्याच्या पंखांचे बेसबोर्ड आहेत. जागा पाव एकर, दोन्ही बाजूंना शेजारी. आम्ही लाकडाकडे जावं का? नवऱ्याला फार हौस आहे.

ओसरी

नवखी, तुमच्या बाबतीत मी स्पष्ट नको म्हणेन.

९०० गॅलनला सहा कॉर्ड, दोन वर्षांचे बारा. बारा कॉर्ड म्हणजे चार फूट उंचीच्या, शहाण्णव फूट लांब, चार फूट रुंद राशी. पाव एकरात त्या बसतील, मग मुलं खेळणार कुठे? शेजारी दोन्ही बाजूंना, डॉक्टरांनी लिहिलेलं तुम्हाला पूर्ण लागू. आणि बेसबोर्ड. बिडाचा रेडिएटर १३० फॅरेनहाइट पाण्यावरही खोली बऱ्यापैकी उबदार ठेवतो, म्हणून आमची टाकी १२० पर्यंत वापरता येते. पंखांचे बेसबोर्ड १८० धरून बसवलेले असतात. कडक थंडीत १५०-१६० च्या खाली पाणी गेलं की खोल्या गार पडतात. म्हणजे तीच टाकी तुम्हाला निम्मीच उपयोगी पडेल.

आधी घराची ऊर्जा-तपासणी करून घ्या. मग हीट पंप. लाकूडच हवं असेल तर पेलेटचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांचा) बॉयलर बघा: एक टन पेलेट सुमारे १२० गॅलन तेलाचं काम करतात, म्हणजे वर्षाला साडेसात टन, ट्रकमधून नळीने थेट कोठारात येतात, आणि पेलेट मुळातच कोरडे असतात. धूर खूप कमी. हौसेसाठी दिवाणखान्यात एक चांगला लहान स्टोव्ह ठेवा, नवऱ्याला दोन कॉर्ड फोडू द्या.

नवखी

इतकं सरळ सांगितल्याबद्दल आभार. तपासणीची वेळ घेतली. हीट पंप बसवला तर तेलाची टाकी काढून टाकावी का? आणि तुमच्या टाक्यांचं काय केलंत?

ओसरी

आम्ही तेलाची एक टाकी आणि तेलाचा बॉयलर ठेवलाय. आम्ही गावाला गेलो किंवा कोणी आजारी पडलं तर गरम पाण्याची टाकी १२० च्या खाली उतरताच तो आपोआप चालू होतो. पाइप गोठून फुटण्यापेक्षा शंभर-दीडशे गॅलन तेल जळलेलं परवडतं. विमा कंपनीलाही दुसरी सोय असलेली आवडते. लाकडाचा बॉयलर बसवताना विम्याला आधी कळवा, आणि तेल व लाकूड एकाच धुराड्याच्या नळीत जोडू देऊ नका, प्रत्येकाला स्वतंत्र नळी हवी.

तुम्ही पूर्ण काढणार असाल तर एक गोष्ट कराच. टाकी काढली की बाहेरच्या भिंतीवर तेल भरायचं तोंड आणि हवेचा पाइप तसेच राहतात. तेलाचा ट्रक चुकून तुमच्या दाराशी आला, जुन्या यादीवरून किंवा शेजारचा पत्ता समजून, तर चालक त्या तोंडाला नळी लावतो आणि शेकडो गॅलन तेल थेट तळघरात जातं. असे प्रकार खरोखर झालेत, आणि तेलाने भिजलेलं तळघर साफ करणं म्हणजे कधीकधी घराच्या किमतीइतका खर्च. तेव्हा टाकी उचलायच्या दिवशीच दोन्ही पाइप भिंतीतून उपटून काढायला सांगा, नुसतं झाकण घट्ट करून नाही. भोकं सिमेंटने बुजवा. तेल कंपनीला खातं बंद करायचं लेखी कळवा, आपोआप भरणा चालू असेल तर तो रद्द झाल्याची पोच घ्या. आणि टाकी नेणाऱ्याकडून ती कुठे नेली त्याची पावती मागून ठेवा, घर विकताना विचारतात.